कूलरवरचा आळ

परवा पहाटे जाग आली तेव्हा गोधडी पायाशी गोळा होऊन पडली होती आणि मानेखालची उशी ओली झाली होती. मी तशीच पडून राहिले. म्हटलं, हे काही बरं लक्षण नाही. फेब्रुवारी अजून निम्मा बाकी होता. नाशिकची थंडी अशी मुकाट्यानं जाणाऱ्यातली नाही. निघते निघते म्हणते आणि दारातून दोनदा परत येते, शेवटी शिवरात्रीला एकदाची शिव शिव करत जाते, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. यंदा शिवरात्र यायची होती, स्वेटर अजून दारामागच्या खुंटीवर होते आणि बाईसाहेब न सांगताच पसार झाल्या होत्या.

उठून गॅलरीत गेले. फरशी पायाला कोमट लागली. भल्या सकाळी फरशी कोमट, म्हणजे रात्रभर ती निवलीच नव्हती. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर कबुतरं चोची उघड्या टाकून बसली होती. ऊन अजून आलंसुद्धा नव्हतं, तरी मी त्या रिकाम्या आकाशाकडे डोळे बारीक करून बघत होते. आत येऊन यांना म्हटलं, "अहो, यंदा पुन्हा तेच होणार बरं का."

हे चहा गाळत होते. म्हणाले, "अगं, एक दिवस उकडलं नाही तोच तुझी फिर्याद तयार!"

आमच्या घरात मला फौजदारीण म्हणतात. म्हणोत बापडे. मी जेल रोडच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवते आणि दर वर्षी परीक्षांना पर्यवेक्षण करते. इतकी वर्षं वर्गात फेऱ्या मारून डोळ्यांना एक वळण लागतं, ते घरी येताना चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. पर्यवेक्षणात मी एक गोष्ट शिकले. ज्यानं काही केलेलं नसतं ते पोर चुळबुळतं, घड्याळ बघतं, पेन चावतं. ज्यानं बुटात चिठ्ठी ठेवलेली असते ते फार शांत बसतं. म्हणून शांतता दिसली की माझ्या मनात पाल चुकचुकते. हे म्हणतात हा आजार आहे. असेल. पण त्या उन्हाच्या वर्षी हा आजार मला उशिरा का होईना कामाला आला, आणि ज्या एका जागी आधी यायला हवा होता तिथं नेमका आला नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

त्या वर्षीसुद्धा ऊन असंच चोरपावलांनी आलं होतं. गॅदरिंग होऊन आठवडा झाला नसेल, मुलांच्या चेहऱ्यांवरचा रंग अजून पुरता गेला नव्हता, आणि एका दुपारी फळ्यावर महाराष्ट्राचे ऋतू लिहिताना माझ्या हातातला खडू घामानं मऊ पडला. 'हिवाळा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी' असं मी लिहिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. एरवी मी त्याला उभं केलं असतं. त्या दिवशी केलं नाही, कारण त्याचं बरोबर होतं.

मग घरात एकेका गोष्टीवरचा माझा विश्वास उडत गेला. दूध तापवायला ठेवलं की फाटायचं. मी दूधवाल्याला फैलावर घेतलं, तर तो म्हणाला, "ताई, सगळ्या जेल रोडचं फाटतंय, मी एकटा काय करू?" थंड पाण्याचा नळ सोडला की अंघोळीचं पाणी यायचं. कपाटातल्या साड्या आत्ता इस्त्री केल्यासारख्या गरम लागायच्या. पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात लावू द्यायची नाही, आणि आपण दिवे मालवून जरा टेकलो की दिवसभराची धग हळूच बाहेर सोडायला लागायची. दारावर द्राक्षांची गाडी यायची, तर प्रत्येक घडाच्या एका अंगाला तपकिरी डाग. गाडीवाला म्हणायचा, "साखर उतरलीय ताई." मी म्हणायचे, "साखर नाही, ऊन लागलंय त्याला. मला नको शिकवूस." वर्गातली मळेवाल्यांची पोरं सांगायची की घरातली जुनी वर्तमानपत्रं सगळी बागेत गेली, घड झाकायला. ऐन हंगामात द्राक्षांना टोप्या घालायची वेळ! रेडिओवरची बाई रोज सांगायची, उद्यापासून तापमानात घट. रोज खोटं बोलायची. तिच्या गोड आवाजाचा तर मला इतका राग यायला लागला की मी तो रेडिओच बंद करून टाकला.

तरी माणूस जगतोच की. आम्ही पहाटेच स्वयंपाक उरकायचो आणि दिवस वर आला की गॅसकडे फिरकायचो नाही. खिडक्यांना ओल्या चादरी लावायचो. दुपारच्या जेवणाला ताक, भाकरी आणि कांदा. माळ्यावरचा कूलर होळीनंतर काढायचा, तो थंडीच्या गोधड्या आत टाकायच्या आधीच काढला. गोधड्या आणि कूलर एकाच खोलीत बघून मला हसावं की रडावं कळेना. त्याला गवताचे नवे पॅड बसवले आणि तो दादांच्या खोलीत, त्यांच्या खाटेला लागून ठेवला, कारण ती खोली पश्चिमेची.

दादा म्हणजे माझे सासरे. इगतपुरीचे. सगळी नोकरी रेल्वेत झाली, मालगाडीचे गार्ड म्हणून. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. जिथं पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना हात लावला तर हात ओला होतो, अशा गावचा हा माणूस. त्यांना नाशिकचं साधं ऊनसुद्धा मानवायचं नाही. पण तक्रार म्हणून नाही. सदऱ्याच्या खिशात एक कांदा ठेवायचे, ऊन लागू नये म्हणून, आणि कुणी हसलं की तो काढून दाखवायचे. "हसा लेको. ह्यो कांदा हाय म्हणून मी हाय." मला मास्तरीण म्हणायचे. रविवारी पांढरा सदरा, पांढरा पायजमा घालून गल्लीच्या टोकाच्या विहारात जायचे, वंदना झाली की तिथल्या माणसांत तासभर बसून रेल्वेच्या गोष्टी सांगायचे. तिथं त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणायचे. घरात मात्र त्यांचा आवाज बेतानं असायचा. सुनेच्या घरात आहोत, असं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण पाण्याचा पेलासुद्धा स्वतः विसळून ठेवायचे.

उन्हाचे ते सुरुवातीचेच दिवस. मी शाळेतून दुपारी घरी आले तर दादांच्या खाटेजवळ, कूलरच्या पायाशी पाण्याचं थारोळं. दादा भिंतीकडे तोंड करून निजलेले. खोलीभर नव्या पॅडच्या गवताचा असा उग्र वास होता की दुसरं काही नाकाला कळतच नव्हतं. मी पर्स फेकली, पदर खोचला, फडकं घेऊन बसले आणि पुसता पुसता कूलरचा उद्धार केला. "लागलास का मेल्या गळायला! अजून उन्हाळा लागला नाही तर तुझी ही तऱ्हा!" दादा हलले नाहीत. मला वाटलं, झोप लागलीय.

दुसऱ्याच दिवशी मी अन्वरला बोलावलं. आमच्या गल्लीतले कूलर-पंखे तोच बघतो. त्यानं टाकी काठोकाठ भरली, खाली वर्तमानपत्र पसरलं, आम्ही सगळे बघत बसलो. कागद कोरडा.

"मॅडम, एक थेंब नाही गळत. टाकी एकदम टकाटक आहे."

"मग काल ते तळं कुठून आलं? तू आलास की बरा वागतो हा."

"आता मशीन मला थोडीच घाबरतंय मॅडम!"

तो हसला, आणि मला वाटलं याच्या पोटात काहीतरी आहे. आत्ता काही नाही म्हणेल, ऐन उन्हात टाकी फुटेल आणि मग नवा कूलर गळ्यात मारेल. मी त्याला तसं बऱ्यापैकी स्पष्ट ऐकवलं. तेव्हा दादा खाटेवरून म्हणाले, "जाऊ दे ना मास्तरीण. कशाला त्याच्या मागं लागतीस?" एरवी दादा माझ्या भांडणात पडत नाहीत. मला ते खटकलं. खटकलं आणि मी विसरून गेले.

पुढच्या रविवारी दादा विहारात गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी बघत होते, घरात चालताना गुडघा काही दुखत नव्हता. तिथं कुणाशी वाजलं असणार, असं मी ठरवूनच टाकलं. समोरच्या पगारेवहिनी विहारात नेमानं जातात, त्यांना जिन्यात गाठून आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "छे हो मंगलताई, उलट सगळे विचारतात, गार्डसाहेब का येत नाहीत? त्यांच्यावाचून बसायला मजा नाही." मला वाटलं, याही काहीतरी लपवतायत. उन्हानं माझं डोकं असं झालं होतं की कुणी सरळ उत्तर दिलं तर मला जास्तच संशय यायचा.

एका गोष्टीचं मात्र मला समाधान होतं. शाळेत जाताना मी दादांच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायची आणि शेजारी एका मोठ्या भांड्यात लिंबाचं सरबत, त्यात सब्जा भिजवून घातलेला. परत आले की दोन्ही रिकामं. रोज. भांड्याच्या तळाशी घोटभरसुद्धा नाही. मी शिक्षकांच्या खोलीत कौतुकानं सांगायची, आमचे दादा बघा, या वयात सांगितलं तेवढं पाणी पितात, नाहीतर म्हातारी माणसं किती हट्टी असतात. इतकी वर्षं परीक्षा घेऊन मला एवढं कळू नये? ज्याचे रोज पैकीच्या पैकी येतात त्याचा पेपर पुन्हा काढून बघायचा असतो.

संशय मी कूलरवर घेत होते. पगारेवहिनींचा कूलर दिवसभर बादलीमागून बादली पाणी मागायचा. आमचा मोठ्या आकाराचा, तरी संध्याकाळी झाकण उघडून बघावं तर टाकी बरीचशी भरलेली. हा पाणी पीत कसा नाही? पॅडला हात लावला तर ओले. मग पाणी जातंय कुठे आणि येतंय कुठून? यांना म्हटलं, तर म्हणाले, "कूलर कमी पाणी पितो म्हणून तक्रार करणारी तू जगातली पहिली बाई." मग मुंग्या आल्या. तांबड्या, बारीक, कूलरच्या पायावरून रांगेनं वर चढणाऱ्या. मी हळद टाकली, खडूची रेघ मारली. मुंग्या रेघेला वळसा घालून पुन्हा वर. कूलर लावला की खोलीत लिंबाचा पुसट वास यायचा. मी म्हटलं, पगारेवहिनी लोणचं घालत असतील.

आणि दादा विझत चालले होते. दिवसा ग्लानीत पडून राहायचे. सदऱ्याची बटणं खालीवर लागायची. गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायचे आणि आपण कुठे होतो ते विसरून जायचे. एका संध्याकाळी मी दिवा लावायला गेले तर डोळे उघडून म्हणाले, "नांदगाव गेलं का गं?" नांदगाव म्हणजे त्यांच्या मालगाडीच्या वाटेवरचं एक स्टेशन. यांना बाहेर बोलावून सांगितलं. हे म्हणाले, "वय झालं मंगल. होतं असं." तेवढ्यावर मी थोडीच बसते! ब्लडप्रेशरच्या गोळ्या मेडिकलवाल्यानं बदलून दिल्या असतील म्हणून मी पाकीट घेऊन दुकानात गेले, त्याच्याशी वाद घातला. गोळ्या बरोबर होत्या. डॉक्टरकडे चला म्हटलं तर दादा म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?" आणि भिंतीकडे वळायचे. फार शांत झाले होते.

शेवटी एका रविवारी, भर दुपारी, कूलरमधून पाणी वर चढायचं बंद झालं. पंखा फिरतोय पण वारा भट्टीचा. अन्वरला फोन करायला मी फोन उचलला आणि खाली ठेवला. म्हटलं, त्याच्या हातात द्यायचाच नाही, मीच उघडते. बटण बंद केलं, स्क्रूड्रायव्हर घेतला, मागची जाळी काढली, बाही वर करून टाकीत हात घातला. पंप बोटांना लागला. त्याच्याभोवती काहीतरी गिळगिळीत, दाणेदार. मी ओंजळ भरून बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

सब्जा होता. फुगलेला, काळ्या डोळ्यांचा, ओंजळभर सब्जा. पंपाची जाळी त्यानं गच्च बुजली होती. बोट जिभेला लावलं. आंबट-गोड.

मग मला सगळं एकदम कळलं. मुंग्या, लिंबाचा वास, न संपणारी टाकी, रिकामा तांब्या. मी मान वर केली. दादा खाटेवर बसून माझ्याकडे बघत होते. चिठ्ठी सापडलेल्या पोराच्या चेहऱ्यावर येतं ना, तसं होतं त्यांच्या चेहऱ्यावर. मी ओल्या हातानंच त्यांचं मनगट धरलं, वरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. ओठ पांढरे, जीभ पापडासारखी. कितीतरी दिवस हा माणूस माझ्यादेखत वाळत होता आणि मी मुंग्यांना रेघा मारत बसले होते.

"अहो!" मी अशी ओरडले की पगारेवहिनी धावत आल्या. "रिक्षा आणा आधी! दादांनी पाणीच घेतलेलं नाही!"

दवाखान्यात लगेच सलाईन लावलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण माझ्या तोडीच्या फौजदारीण निघाल्या. नाडी बघितली, पोट दाबून बघितलं, आणि यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "अजून दोन दिवस उशीर केला असता तर मूत्रपिंडावर आलं असतं. मग हातात काही राहिलं नसतं." मला रडू आलं नाही, राग आला. इतका राग, की कुणावर काढावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दादांचे डोळे स्वच्छ झाले. नांदगाव-मनमाड सगळं जिथल्या तिथं गेलं. हे घरी अंघोळीला गेले होते, मी एकटीच जवळ बसले होते. पाणी टाकीत का ओतलंत, हे विचारायचं सोडून मी आपली कूलरवर घसरले. म्हटलं, "त्या अन्वरला आता बघतेच. गळका कूलर टकाटक म्हणून सांगतो, लबाड कुठला."

दादा छताकडे बघत म्हणाले, "अन्वरला नको बोलूस. त्यो खरं सांगत हुता."

"म्हणजे?"

"कूलर गळतच नव्हता मास्तरीण. ते माझं हुतं. उठूस्तोवर निभलं नाय. वरनं तांब्या वतला, म्हटलं पानी सांडल्यावानी दिसंल. तेवढ्यात तू आलीस नि पुसाय बसलीस." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मी जागा हुतो."

आता ते थांबले नाहीत, एकदा सुरू झाले ते झाले. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड एकटा, आणि त्या डब्यात संडास नाही. गाडी कुठल्यातरी रानात सिग्नलला तासन्‌तास उभी. तेव्हा ड्यूटीवर निघायच्या आधीपासूनच पाणी तोडायचं, फार तर घसा ओला करायचा, हे त्यांना पहिल्याच वर्षी जुन्या गार्डनं शिकवलं होतं. वैशाखात लोखंडी डबा तापायचा, तरी पाणी नाही. "सगळी नोकरी तशीच काढली. कधी काय झालं नाय. म्हटलं आता बी जमंल. पानी नाय प्यालं की भ्याव नाय."

"आणि विहारात?"

"तिथं समद्यांसमूर झालं असतं तर?"

मला भडभडून आलं. म्हटलं, "दादा, इगतपुरीला राहून आईंचं शेवटचं सगळं मी केलं. तुमच्या नातीचं केलं. तुमच्या एका फडक्यानं मी झिजणार होते का?"

"तिचं येगळं. ती बाई मानूस." ते तोंड फिरवून म्हणाले, "मी सासरा हाय. सुनंनं सासऱ्याचं पुसायचं?"

इतकी वर्षं एका घरात राहून, एका तव्यावरच्या भाकऱ्या खाऊन, आमच्यामध्ये तो एक उंबरा होता आणि तो ओलांडण्यापेक्षा त्यांना मरण सोपं वाटलं होतं. मी त्या दुपारी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन एकटीच रडले. अन्वरची मनातल्या मनात माफीही मागून घेतली.

घरी आल्यावर सगळं ठीक व्हायला हवं होतं. डॉक्टर बाईंनी लघवीच्या त्रासावर गोळी दिली होती, म्हणाल्या, फरक पडेल, पण पाणी पोटात गेलं नाही तर मी काहीच करू शकत नाही. ऊन तर हटायचं नाव घेत नव्हतं. मग मी माझ्या पद्धतीनं कंबर कसली. पेला भरून त्यांच्यासमोर उभी राहायची. दादा एक घोट घ्यायचे, खाली ठेवायचे. मी गेले की पुन्हा उचलला का, म्हणून दाराआडून बघायची. त्यांनाही कळायचं मी दाराआड आहे. गुळणी धरून बसले असतील असंही मला वाटायचं. तोंड उघडून दाखवा, एवढं म्हणायचंच बाकी होतं. एकदा हे वैतागून म्हणाले, "अगं, त्यांना पाणी पाजतेस की पेपर सोडवून घेतेस?" आणि खरंच, माझ्या नजरेखाली दादांच्या घशाखाली पाणी उतरायचंच नाही.

तशात शाळेत परीक्षा सुरू झाली. मी सकाळी निघायच्या गडबडीत, दादांसमोर पेला आणि मी घड्याळाकडे बघत उभी. ते सहज म्हणाले, "तू प्यालीस का?"

"मला आज पर्यवेक्षण आहे."

"मग?"

"पर्यवेक्षणाच्या दिवशी मी पाणी पीत नाही. वर्ग सोडून जाता येत नाही ना. आणि आमच्या शाळेतलं बायकांचं बाथरूम तुम्ही बघितलेलं नाही. आम्ही कुणीच बाया..."

बोलता बोलता मीच थांबले. मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असंच वाटलं नव्हतं. बाजारात जायचं, लग्नाला जायचं, एसटीनं माहेरी जायचं, की आदल्या रात्रीपासून आम्ही बायका पाणी तोडतोच. माझी आई तोडायची. पगारेवहिनी तोडतात. लेक पुण्याहून बसनं येते तीसुद्धा.

दादा खाटेवर सरळ बसले. माझ्याकडे असे बघायला लागले की इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कळलं, आपल्याकडे कुणी संशयानं बघितलं की कसं वाटतं.

"किती वर्सं?"

"नोकरीला लागल्यापासून."

"आन् मला सांगतीस! असल्या उनात!" त्यांनी आपला पेला माझ्यापुढे धरला. "धर. आधी तू पी. माझ्यासमूर."

"दादा, उशीर होतोय मला..."

"पी म्हन्तो ना! त्या शाळंत बाथरूम नीट नसंल तर हेडमास्तरला सांग. भांड. एवढं समद्यांशी भांडतीस, ह्येच्यासाठी नाय व्हय भांडता येत?"

मी प्याले. उभ्याउभ्या, घटाघटा. मग दुसरा पेला भरला आणि ते प्याले. त्यात मी त्यांची तपासणी करत नव्हते, आमची आपली बरोबरी होती. संध्याकाळी घरी पाय टाकते न टाकते तोच आतून आवाज आला, "मास्तरीण, शाळंत किती प्यालीस?" मी म्हटलं, दोन बाटल्या. "खरं सांग." मी बाटली नेऊन दाखवली. त्यांनी ती उलटी करून हलवून बघितली. बाई गं, माझ्याहून संशयी! दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन भांडलेसुद्धा, पण ते दुसरंच प्रकरण आहे, अजून चालू आहे.

एवढं झालं तरी एक गोष्ट राहिलीच होती. पाणी ते प्यायचे, पण नंतर भिंत धरधरून एकटेच जायचे. मी उठले की हात करून बसवायचे. फरशी गुळगुळीत, गुडघ्यांत बळ नाही. हे घरात असले तर ठीक, नसले की माझा जीव बाथरूमच्या दाराशी अडकलेला. मी विचारलं तर म्हणायचे, "जमतंय." आणि ते 'जमतंय' मला मुळीच खरं वाटायचं नाही.

पुढच्या रविवारी विहारातली माणसं त्यांना बघायला आली. जयभीम झाला, पुढची खोली भरून गेली, पगारेवहिनींनी खुर्च्या आणून दिल्या. दादा पांढरा सदरा घालून कॉटवर मधोमध बसले होते. उन्हाच्या गप्पा निघाल्या, नांदगावजवळ गाडी रात्रभर अडकली होती ती गोष्ट त्यांनी सांगितली, लोक हसले. मी सरबत आणलं. दादांनी सगळ्यांबरोबर पेला तोंडाला लावला. मी ट्रे धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी. पेला संपला. त्यांनी दुसरा मागून घेतला, तोही संपवला. एवढ्या माणसांत दादा आता काय करणार? उठणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. लोक जाईपर्यंत दात दाबून बसून राहतील आणि उद्यापासून पुन्हा पाणी बंद.

थोड्या वेळानं ते बोलता बोलता थांबले. खोलीतल्या सगळ्यांवरून त्यांची नजर फिरली. हे त्यांच्या शेजारीच बसले होते. हात टेकला असता तर मुलाचा खांदा तिथंच होता.

"मास्तरीण," दादा मोठ्यानं म्हणाले, पार जिन्यात ऐकू जाईल असे, "ये इकडं. मला मुतायला जायचंय. हात दे."

कुणीतरी पेला खाली ठेवला. मी ट्रे कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही. मी पुढे होऊन हात दिला, दादा उठले, आणि इतकी वर्षं माझ्याकडून पेलासुद्धा विसळून न घेतलेल्या त्या माणसानं आपल्या अंगाचा सगळा भार माझ्या दंडावर टाकला.

"सावकाश हं," मी म्हटलं.

"तू धरलंस ना," ते म्हणाले, "मग चल."